गळ्यातले बटण घेण्याआधी: एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी घरगुती वैद्यकीय अलर्ट यंत्रणा कशी निवडावी

गोव्यात फोंडा तालुक्यातील आमच्या आत्याच्या घरी, दाबताच ठरलेल्या माणसांना फोन लावणारे पहिले मदतीचे बटण आणले त्याच रात्री आम्ही एक तालीम घेतली. ठरल्याप्रमाणे रात्री साडेनऊला आत्याने शेजघरातून बटण दाबले, शेजारच्या वहिनींचा फोन लगेच वाजला आणि आम्ही त्यांच्याकडे ठेवायला दिलेली किल्ली घेऊन त्या चार मिनिटांत अंगणात पोहोचल्याही. कुलपात किल्ली फिरली, पण दार उघडेना. कारण दिवेलागणीनंतर दाराला आतून अडसर घालण्याची पन्नास वर्षांची सवय आत्याने त्या रात्रीही मोडली नव्हती. ती धडधाकट होती म्हणून तिनेच येऊन अडसर काढला. ती न्हाणीघरात खुब्याचे हाड मोडून पडलेली असती, तर वहिनी किल्ली हातात घेऊन बाहेर उभ्या राहिल्या असत्या. यंत्र चोख चालले होते. चूक आमच्या क्रमात होती, कारण आम्ही आधी यंत्र विकत घेतले आणि नंतर दार पाहिले.

म्हणून या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. मदतीला धावून येणारा माणूस, रुग्णवाहिका, फोन, मोबाईलचा सिग्नल, घरातले यंत्र आणि सर्वांत शेवटी गळ्यातले किंवा मनगटावरचे बटण, अशा क्रमाने पाहत गेल्यास कोणते यंत्र घ्यायचे हा प्रश्न बराच सोपा होतो. आणि काही घरांत तर महागडे यंत्र घेण्याची गरजच नसल्याचे लक्षात येते.

गोव्यात हा विषय घरोघरचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ११.२ टक्के होते आणि या बाबतीत गोव्याच्या पुढे केवळ केरळ होते. मुले पुण्या-मुंबईला, आखातात, पोर्तुगालला किंवा इंग्लंडला, आणि मोठ्या घरात एकटी आई किंवा दोघेच वृद्ध पतिपत्नी, हे चित्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत सारखेच दिसते. वयस्कर माणूस पडल्यावर त्याला इजा होते ती दोन प्रकारे: एक पडण्याने, आणि दुसरी उठता न आल्यामुळे तासन्तास जमिनीवर पडून राहिल्याने. दुसऱ्या प्रकारात शरीरातले पाणी कमी होते, एकाच बाजूवर भार राहून कातडीला जखमा होतात, दाबाखाली राहिलेल्या स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो आणि फुप्फुसांत संसर्ग होण्याची भीती वाढते. अलर्ट यंत्रणा पडणे टाळू शकत नाही. पडल्यानंतरचा हा वेळ तेवढा ती कमी करते, आणि तिची निवड याच एका कसोटीवर करावी.

दार आणि दारापर्यंत येणारी माणसे

बटण दाबल्यावर पंधरा मिनिटांच्या आत घरात पोहोचू शकतील अशा किमान तीन व्यक्तींची नावे आधी कागदावर लिहावीत. त्यांतील एक जण तरी पायी येण्याच्या अंतरावर राहणारा असावा, कारण आषाढातल्या मुसळधार रात्री झाड कोसळून रस्ता बंद झाला तर चार किलोमीटरवरचा भाचा स्कूटर असूनही निरुपयोगी ठरतो. तिघेही एकाच घरातले नसावेत, नाहीतर ते घर लग्नाला गेले की यादी संपली. गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे सणांचे वेळापत्रक. पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या इमारतीत राहणाऱ्या वृद्धांचे शेजारी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आपापल्या मूळ घरी जातात आणि अख्खा मजला चार-पाच दिवस रिकामा असतो. उलट गावात चवथीला माणसांची गर्दी असते, पण जत्रेच्या रात्री सगळा वाडा देवळात असतो आणि तिथल्या आवाजात खिशातला फोन ऐकू येत नाही. या दिवसांसाठी पर्यायी माणूस आधीच ठरवून ठेवणे हा निवडीचाच भाग आहे. दिवाडीसारख्या बेटावर, जिथे येणे-जाणे फेरीबोटीवर अवलंबून असते, तिथे यादीतले पहिले दोन जण बेटावरचेच असले पाहिजेत.

नावे ठरली की दार पाहावे. जुन्या घरांच्या दारांना बाहेरून कुलूप आणि आतून अडसर किंवा लोखंडी कडी अशी दुहेरी सोय असते, आणि मालकीण घरात असताना बाहेरचे कुलूप लावलेलेच नसते. म्हणजे शेजाऱ्याकडे दिलेली किल्ली नेमक्या वेळी कामाची नसते. आत्याच्या घरी आम्ही शेवटी मागच्या पडवीच्या दाराला आतून खटक्याने आणि बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच बसवून घेतले. पुढच्या दाराचा अडसर आम्ही काढला नाही, कारण तो घातल्याशिवाय तिला झोप लागत नाही आणि ती न झोपता जागी राहिली तर पडण्याची शक्यता उलट वाढते. किल्ली शेजारी ठेवायची नसेल तर आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी भिंतीला ठोकून तिच्यात किल्ली ठेवता येते; मात्र तिचा आकडा यादीतील तिघांनाही तोंडपाठ असावा. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकावी किंवा बाहेरूनही उघडेल अशी करावी, आणि शक्य असल्यास ते दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करून घ्यावे, कारण पडलेल्या माणसाचे अंग आत उघडणाऱ्या दाराला अडते. घरात कुत्रा असेल तर तो या तिघांना ओळखतो का, हेही पाहावे.

एकशे आठ, एकशे बारा आणि राज्याची सीमा

गोव्यात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा २००८ पासून चालू आहे, आणि ११२ हा पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका या सर्वांसाठीचा एकच आपत्कालीन क्रमांक आहे. घरापासून दूर असलेल्या मुलांना सहसा ठाऊक नसलेली एक बाब इथे नीट समजून घ्यावी: हे क्रमांक ज्या राज्यातून फिरवले जातात त्या राज्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातात. आईने बटण दाबल्याचा संदेश पुण्यातल्या मुलाला आला आणि त्याने घाईने १०८ फिरवला, तर तो महाराष्ट्राच्या कक्षाशी बोलत असतो, ज्यांच्या हाती फोंड्याची रुग्णवाहिका नसते. लिस्बन किंवा दुबईहून तर हा क्रमांक उपयोगाचाच नाही. याचा थेट परिणाम यंत्र निवडण्यावर होतो. ज्या यंत्राचा संदेश प्रथम परराज्यातील किंवा परदेशातील मुलांकडे जातो आणि शेजारी यादीत खाली असतात, ते यंत्र चुकीच्या पद्धतीने बसवलेले आहे. पहिला कॉल गोव्यातल्या माणसालाच गेला पाहिजे. १०८ त्याने लावावा आणि मुलांना कळवणे त्यानंतर व्हावे.

पेडणे, डिचोली आणि सत्तरीच्या सीमेलगतच्या गावांतून बोलताना कॉल लागताच आपण गोव्यातून, अमुक तालुक्यातून बोलत आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे. पत्त्याचेही तसेच. पंचायतीचा घरक्रमांक चालकाला फारसा उपयोगी पडत नाही. वाड्याचे नाव, देऊळ किंवा खुरीस (ख्रिस्ती क्रूस), त्यानंतरचे वळण, वाट किती रुंद आहे आणि गाडी कुठपर्यंत येते, हे त्याला हवे असते. कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागायतीच्या) आत असलेल्या घरांपर्यंत गाडी येतच नाही, तिथे मुख्य रस्त्यावर बॅटरी घेऊन उभा राहणारा माणूस ठरलेला असावा. हा सगळा मजकूर पाच ओळींत लिहून एक प्रत फोनशेजारी व एक प्रत शेजाऱ्यांकडे ठेवावी आणि त्याच कागदाच्या मागे चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असल्यास तिचे नाव, औषधांची ॲलर्जी आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळातील किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडील कागदपत्रे कुठे ठेवली आहेत ते लिहावे.

केंद्राकडे जाणारी यंत्रणा की घरच्यांकडे जाणारी?

यंत्रणांचे मुख्य दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात बटणाचा कॉल एखाद्या कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या केंद्राकडे जातो आणि तिथला कर्मचारी पुढची सूत्रे हलवतो. यासाठी मासिक किंवा वार्षिक शुल्क असते. दुसऱ्या वर्गात यंत्रात भरलेल्या क्रमांकांना यंत्रच एकामागोमाग एक कॉल लावते आणि खर्च फक्त सिमच्या रिचार्जचा असतो.

केंद्राची सेवा कागदावर भक्कम वाटते, परंतु ती घेण्याआधी विक्रेत्याला स्पष्ट विचारावे की केंद्र कोणत्या शहरात आहे, तिथून गोव्यातील रुग्णवाहिका नेमकी कशी बोलावली जाते, आपल्या तालुक्यात त्यांची स्वतःची काही व्यवस्था आहे का, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस मराठी किंवा कोकणी बोलतो का. घाबरलेली ऐंशी वर्षांची बाई त्या क्षणी इंग्रजीत किंवा हिंदीत आपले दुखणे सांगू शकणार नाही. माझ्या मते ज्यांना जवळ राहणारे कोणीच नाही, किंवा ज्यांचे शेजारीही तितकेच वयस्कर आहेत, त्यांनी केंद्राची सेवा घ्यावी. ज्यांच्या वाड्यात अजून हाकेला ओ देणारी चार घरे आहेत, त्यांना दुसऱ्या वर्गातले साधे यंत्र पुरते आणि बहुधा मदतही लवकर मिळते.

दुसऱ्या वर्गातील यंत्रांत मात्र एक खोच असते. पहिल्या माणसाचा फोन बंद असेल तर ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती’ अशी ध्वनिमुद्रित सूचना लागते, आणि काही साधी यंत्रे कोणीतरी फोन उचलला असे समजून तिथेच थांबतात. पुढच्या माणसाला कॉल जातच नाही. यासाठी कॉल घेणाऱ्याने फोनवर ठरावीक आकडा दाबल्याशिवाय यंत्र थांबत नाही अशी सोय असलेलेच मॉडेल घ्यावे, आणि दुकानातच एक फोन मुद्दाम बंद ठेवून ती तपासून पाहावी. यादीतील प्रत्येकाच्या फोनमध्ये यंत्राचा क्रमांक नावानिशी साठवावा, म्हणजे तो जाहिरातीचा कॉल समजून कापला जाणार नाही, आणि फोन रात्री शांत ठेवण्याची सवय असेल तर त्या क्रमांकाला अपवाद करून ठेवावा. परदेशातील क्रमांक यादीत घालायचा असेल तर सिमवर आंतरराष्ट्रीय कॉलची सोय चालू आहे का तेही पाहावे लागते.

न्हाणीघरातला सिग्नल

पुढचा टप्पा घरात करायचा आहे, आणि तो कंटाळवाणा असला तरी याच्यावाचून पुढे जाऊ नये. जांभ्या चिऱ्यांच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती रेडिओ लहरी बऱ्याच शोषून घेतात आणि पावसात भिजलेली भिंत त्याहून अधिक. त्यातच पावसाळ्यासाठी पडवीवर घातलेले पत्रे लहरी अडवतात. बटणाच्या खोक्यावर छापलेला शे-दोनशे मीटरचा पल्ला हा मोकळ्या मैदानातला असतो. ज्या कंपनीचे सिम यंत्रात घालायचे आहे त्याच कंपनीचा फोन घेऊन न्हाणीघर, संडास, शेजघर, देवघर, विहिरीचा काठ आणि परसातली भांडी घासण्याची जागा अशा प्रत्येक ठिकाणाहून, शक्यतो जमिनीलगत बसून, खरोखरचा कॉल लावून पाहावा. फोनवरच्या कांड्या पाहून समाधान मानू नये. आत्याच्या घरी पुढच्या सोप्यावर एका कंपनीचा सिग्नल उत्तम होता आणि न्हाणीघरात शून्य. दुसऱ्या कंपनीचा सगळीकडे बेताचाच, पण कुठेच तुटत नव्हता. आम्ही दुसरीचे सिम घेतले.

सिमविषयी तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. जिओचे जाळे ४जी आणि ५जीचेच आहे आणि त्यावर आवाजाचा कॉल व्होएलटीईवरून, म्हणजे ४जीच्याच जाळ्यावरून आवाज नेण्याच्या पद्धतीने, जातो, म्हणून केवळ २जीवर चालणारे स्वस्त यंत्र, किंवा ४जी असूनही व्होएलटीई नसलेले यंत्र, जिओच्या सिमवर कॉल करू शकणार नाही. केवळ २जीवरचे यंत्र आज दुसऱ्या कंपनीवर चालले तरी त्याचे आयुष्य किती याचा विचार करावा. दुसरी गोष्ट, रिचार्जची मुदत संपली की यंत्र वरून जिवंत दिसते पण त्यावरून कॉल जात नाही. म्हणून वर्षभराचा प्लॅन एकदाच घालावा आणि तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहावी. तिसरी, सलग ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड क्रमांक कंपनी बंद करू शकते, आणि अलर्टचे सिम हे सुदैवाने न वापरलेलेच राहते. दरमहा एक चाचणी कॉल केल्याने हाही प्रश्न सुटतो.

विजेचा विचार पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून करावा. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात झाडे आणि खांब कोसळून गोव्यातील कितीतरी गावे दीर्घकाळ अंधारात होती. वायफायवर चालणारी यंत्रणा वीज जाताच राउटरसह झोपते. पूर्वीच्या तांब्याच्या तारेच्या दूरध्वनीला एक्स्चेंजमधून वीज मिळत असे, त्यामुळे घरातली वीज गेली तरी तो चालत असे. आजच्या फायबरवरच्या दूरध्वनीला ती सोय नाही, त्याच्या पेटीला घरचीच वीज लागते. म्हणून मुख्य यंत्रात स्वतःची बॅटरी आणि स्वतःचे सिम असलेच पाहिजे, आणि वीज गेल्यावर ते किती तास चालते हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. चोवीस तासांपेक्षा कमी उत्तर आले तर मी ते यंत्र घेणार नाही. बॅटरी उतरत आली की घरच्यांना संदेश पाठवण्याची सोय असेल तर उत्तम.

यंत्रांचे प्रकार आणि कोणाला कोणते

दोघे एकाच घरात राहत असतील आणि त्यांपैकी एक जण सावध व धडधाकट असेल, तर काही शे रुपयांची बिनतारी डोअरबेल पुरते: बटण आजाऱ्याच्या उशाशी किंवा न्हाणीघरात गुडघ्याइतक्या उंचीवर, आणि घंटा दुसऱ्याच्या खोलीत. एकाच कुंपणात भावांची दोन घरे असतील तर घंटा पलीकडच्या घरातही लावता येते. या साध्या वस्तूकडे तिच्या किमतीमुळे दुर्लक्ष होते.

एकट्या माणसासाठी दोन रचना असतात. एकीत घरात एक मुख्य पेटी असते आणि गळ्यातले बटण तिच्याशी बिनतारी जोडलेले असते. या बटणाची बॅटरी सहसा वर्षानुवर्षे टिकते आणि ते कधी चार्ज करावे लागत नाही, पण घर-अंगणाबाहेर ते निरुपयोगी असते आणि बोलणे पेटीच्या स्पीकरवरून होते, त्यामुळे दूरच्या खोलीतून आवाज पोहोचत नाही. दुसऱ्या रचनेत सिम, स्पीकर आणि जीपीएस सारे गळ्यातल्या लोलकातच असते. ते देवळात, बाजारात, कुळागरात सगळीकडे चालते, पण काही दिवसांनी चार्ज करावे लागते आणि चार्जिंगला लावलेला लोलक गळ्यात नसतो. जी व्यक्ती घराबाहेर फारशी पडत नाही तिला पहिली रचना द्यावी, कारण चार्ज करण्याचे विसरणे हा सर्वांत सामान्य दोष तिच्यात येतच नाही. रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या काकांना दुसरी योग्य. चार्जिंगची वेळ रात्रीची न ठेवता कामवाली बाई घरात असते त्या तासाची ठेवावी. रात्री न्हाणीघरात जातानाच बटणाची गरज अधिक असते.

स्मार्ट घड्याळांविषयी हल्ली बरेच विचारले जाते. ॲपलच्या घड्याळात २०१८ च्या सिरीज ४ पासून जोरात पडल्याचे ओळखून, व्यक्ती सुमारे मिनिटभर हालचाल न करता राहिल्यास, आपोआप आपत्कालीन कॉल लावण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी जोडलेला आयफोन जवळ असावा लागतो किंवा घड्याळाला स्वतःची मोबाईल जोडणी लागते, आणि ते जवळपास रोज चार्ज करावे लागते. जो आधीपासून घड्याळ वापरतो त्याने ही सोय जरूर चालू करावी. केवळ अलर्टसाठी ऐंशीच्या घरातल्या माणसाला घड्याळ शिकवू नये. साध्या फोनचाही उपयोग होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरल्यास ११२ ला कॉल जातो, आणि स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ दाबून तो लावता येतो. आपल्या फोनवर ते किती वेळा दाबावे लागते हे सेटिंगमध्ये पाहून ठेवावे.

परदेशातून आणलेल्या यंत्रांबाबत सावध राहावे. इंग्लंड-पोर्तुगालकडील गळ्यातली बटणे सामान्यतः युरोपात या कामासाठी राखून ठेवलेल्या रेडिओ लहरींच्या ८६९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, तर भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा शेजारचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे ती बटणे त्याच्या बाहेर पडतात. शिवाय ती यंत्रे तिथल्याच केंद्राशी बांधलेली असतात. चवथीला येणाऱ्या भाच्याने प्रेमाने आणलेले असे यंत्र घेण्यापेक्षा त्याला इथल्या यंत्राचे वर्षाचे रिचार्ज भरायला सांगावे.

ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांच्यासाठी बटण हा उपायच नव्हे, कारण बटण दाबायचे असते हेच त्या क्षणी आठवत नाही. तिथे दार उघडल्याची सूचना देणारा सेन्सर, जागा कळवणारे जीपीएस आणि मुख्यतः सोबतीला माणूस लागतो.

पडणे आपोआप ओळखणारी सोय

या सोयीसाठी विक्रेते जादा पैसे घेतात, म्हणून ती कशी चालते ते समजून घ्यावे. बटणातील सेन्सर वेगात अचानक झालेला बदल, त्यानंतरचा आदळ आणि मग आलेली निश्चलता यांवरून पडल्याचे ताडतो. चक्कर येऊन बेशुद्ध पडणाऱ्यांना किंवा पक्षाघाताची भीती असणाऱ्यांना ती खरोखर मोलाची आहे. परंतु भिंतीला टेकत हळूहळू घसरलेला किंवा खाटेवरून चादरीसह सरकत खाली आलेला माणूस तिच्या लक्षात येईलच असे नाही. उलट आपल्याकडे पाटावर बसणे, विळीवर नारळ खोवायला खाली टेकणे, देवापुढे वाकणे या नित्याच्या हालचालींनी खोटी सूचना जाऊ शकते. सूचना जाण्याआधी अर्धा-एक मिनिट यंत्र कंप पावते किंवा वाजते आणि त्या वेळात ती रद्द करता येते. ही रद्द करण्याची कळ वापरणाऱ्याला सहज सापडते का हे पाहावे. पहिल्या पंधरवड्यात दोन-चार खोटे कॉल येणारच, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तिसऱ्या कॉलनंतर ते धावत येईनासे होतात.

अंगावर राहील असे बटण

केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या असताना पडलेल्या आणि स्वतःहून उठू न शकलेल्या ज्या व्यक्तींकडे मदतीचे बटण होते, त्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ते वापरलेच नाही. काहींनी ते घातलेले नव्हते, काहींना कोणाला त्रास द्यायचा नव्हता. आमच्या आत्यानेही पहिला आठवडा बटण देवघराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवले होते, ‘हरवेल’ म्हणून.

म्हणून यंत्र निवडताना ज्याने ते घालायचे त्यालाच दोन-तीन नमुने हातात देऊन विचारावे. हातात बांगड्या असतील तर मनगटावरचे बटण त्यांच्याखाली दाबले जाते. गळ्यात मंगळसूत्र, तुळशीची माळ किंवा साखळी असेल तर दोरी तिच्यात गुंतते. गळ्यातील दोरी जोराचा हिसका बसल्यास आपोआप सुटणारी असावी, म्हणजे ती खाटेच्या दांड्यात अडकून गळ्याला फास बसणार नाही. पेसमेकर असलेल्यांनी छातीवर लोंबणारे यंत्र घेण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. मनगटावरचे बटण त्यांना बहुधा सोयीचे. बटण संधिवाताच्या बोटांनीही दाबता आले पाहिजे, पण कुशीवर वळताच दाबले जाईल इतके हलके नको. ते न्हाताना काढावे लागणार असेल तर घेऊच नये. खोक्यावर आयपी६७ असे लिहिलेले पाहावे. म्हणजे ते एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहू शकते. मात्र ही कसोटी साध्या पाण्याची असते, साबणाच्या गरम पाण्याची नव्हे, म्हणून न्हाल्यावर ते पुसून कोरडे करावे. किनाऱ्यालगतच्या दमट खाऱ्या हवेत चार्जिंगच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने ती साफ करावीत.

आत्याचे बटण खुंटीवरून गळ्यात आले ते आमच्या उपदेशाने नाही. वहिनी तिला एवढेच म्हणाल्या, की आत्या, तुम्ही ते घातले नाहीत तर रात्री मला उठून दोनदा तुमच्या घरचा दिवा पाहावा लागतो. त्या दिवसापासून ती ते काढत नाही.

खरेदी आणि त्यानंतर

पैसे देण्यापूर्वी यंत्राची किंमत, दरवर्षीचे शुल्क, सिमचा खर्च आणि बॅटरी बदलण्याचा खर्च यांची तीन वर्षांची बेरीज करावी. स्वस्त दिसणारे यंत्र या बेरजेत पुष्कळदा महाग ठरते. दुरुस्ती गोव्यात होते की यंत्र कुरिअरने बाहेर पाठवावे लागते, आणि तसे असल्यास तोवर बदली यंत्र मिळते का, हे विचारावे. केंद्राची सेवा घेत असल्यास ती मध्येच बंद केल्यास किती रक्कम परत मिळते ते करारात पाहावे, आणि जीपीएसची माहिती कोणाकोणाला दिसते हेही. पक्के बिल घ्यावे. तक्रारीची वेळ आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

यंत्र बसवल्यावर महिन्यातून एक चाचणी ठरावीक दिवशी करावी. आम्ही संकष्टी ठरवली, कारण ती आत्या कधीच विसरत नाही. चंद्रोदयाच्या आधी ती बटण दाबते, वहिनी फोन घेऊन ठरलेला आकडा दाबतात, मागच्या दाराची किल्ली फिरवून पाहतात, आणि दर तिसऱ्या संकष्टीला चाचणी न्हाणीघरातून, जमिनीवर स्टूल ठेवून त्यावर बसून केली जाते. चाचणीची तारीख आणि बॅटरीची स्थिती मुख्य यंत्राखाली चिकटवलेल्या कागदावर लिहिली जाते. गेल्या श्रावणात त्या कागदावरूनच लक्षात आले की सलग दोन महिने दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला कॉल गेलेला नाही. त्याने सिम बदलले होते आणि आम्हाला कळवायचे राहून गेले होते.